पेटीची दुसरी कडी

शनिवारी सकाळी मनोहरनं पेटी गच्चीवर नेली आणि आबांना सांगितलं, दिवाणखान्याला रंग द्यायचाय. रंगारी काही आला नाही. रविवारी अकराच्या सुमारास देशमुख मंडळी मनोहरच्या मुलीच्या, प्रणिताच्या साखरपुड्याची तारीख ठरवायला पहिल्यांदाच घरी आली, तेव्हा भिंती होत्या तशाच होत्या. फक्त खिडकीखालची जागा रिकामी होती आणि तिथे प्रणिताच्या आईनं, सुवर्णानं एक कुंडी आणून ठेवली होती.

खरं सांगायचं तर त्या पेटीची गोष्ट ऐकल्याशिवाय महाराष्ट्रापासून दूर आदर्श नगरातल्या या घरात कुणाला धड पाणीसुद्धा मिळायचं नाही. काळी, लोखंडी, दोन बाजूंना दोन कड्या, वर पांढऱ्या रंगात ‘एस. के. इंगळे, गार्ड’. रेल्वेत गार्डाला अशी पेटी असते. झेंडे, दिवा, रुळावर ठेवायचे धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके, नियमांची पुस्तकं सगळं तिच्यात. शेषराव, म्हणजे आबा, निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी ती त्यांना देऊन टाकली, आणि तेव्हापासून चौदा वर्षं ती खिडकीखाली बसून होती. दूधवाला, गॅसवाला, जनगणनेची बाई, सगळ्यांना तिची गोष्ट पाठ. म्हणून तर मनोहरनं ती हलवली. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही, एकट्यानं पायरीपायरीनं ओढत नेली. खाली आला तेव्हा पन्नाशीचा हा बँक मॅनेजर लहान पोरासारखा घामाघूम झाला होता.

आता मनोहर खोटं बोलला होता का? नाही हो, अजिबात नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीला वसंतराव देशमुखांनी विचारलं होतं, “इंगळे म्हणजे अकोल्याकडचे?” मनोहर म्हणाला, “हो.” वसंतराव म्हणाले, “मग काय, आपलेच!” मनोहर हसला. एवढंच झालं. इंगळे आडनाव कुणब्यांत असतं, मराठ्यांत असतं, आणि आपल्यातही असतं. समोरच्यानं त्यातलं एक उचललं, मनोहरनं राहू दिलं. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती, पण बुद्ध आजकाल कुणाच्या दिवाणखान्यात नसतो? बाबासाहेबांची तसबीर आबांच्या खोलीत होती आणि त्या खोलीचं दार आज लोटलेलं होतं.

आबांना त्यानं सांगितलं होतं, “सगळं बोलणं झालंय.” बहात्तर वर्षांच्या माणसानं मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यात त्यांचं काय चुकलं?

गप्पांना रंग चढला होता. प्याज कचोऱ्या गरम होत्या, गोड फिणीचं ताट भरलेलं होतं. वसंतराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, गळ्यात मफलर, बोलायची भारी हौस. त्यांच्या पत्नी सुनंदाताई प्रणिताला शेजारी बसवून घेऊन तिच्या बांगड्या बघत होत्या. कौशिक, त्यांचा डॉक्टर मुलगा, कोपऱ्यातल्या खुर्चीत. प्रणिता त्याच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षांचं जुळलेलं होतं त्यांचं, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं.

“आणि तुमचा संकल्प काय म्हणतो?” वसंतरावांनी विचारलं. “अमेरिकेत कुणा सिनेटरकडे आहे ना?”

बस, आबांची कळी खुलली. “सिनेटर ब्रॅनिगन! एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा. चाळीस वर्षं निवडून येतोय. आमचा संकल्प शिकता शिकता त्याच्या ऑफिसात काम करतो.”

“ब्रॅनिगन?” वसंतराव खुर्चीत पुढे सरकले. “अहो, मी वाचतो त्याच्याबद्दल! किमान मजुरीसाठी भांडणारा तोच ना? काळ्यांच्या मुलांना कॉलेजात जागा मिळाव्यात म्हणून आयुष्यभर एकटा उभा राहिला. याला म्हणतात माणूस. समता असावी तर अशी!”

“पण बाबा, मागच्या वर्षी इथे राखीव जागांविरुद्ध संप झाला तेव्हा तुम्ही संपकऱ्यांना थर्मास भरून चहा पाठवत होता,” कौशिक हसत म्हणाला.

“ते वेगळं रे. तिथे अन्याय झालाय. इथे राजकारण आहे.”

मनोहरनं फिणीचं ताट पुढे केलं. “घ्या ना, वसंतराव.”

“प्रणिता,” आबांना आता दम निघेना, “ते काल आलेलं भाषण आण ना. वाच सगळ्यांसमोर. आजीलाही कळेल, मराठीत सांग.”

संकल्पनं सिनेटरचं भाषण ई-मेलनं पाठवलं होतं. वर लिहिलं होतं: आबांसाठी आहे, सगळे जमले की वाच, त्याआधी नको. प्रणितानं हॉस्पिटलच्या प्रिंटरवर तीन पानं काढली होती आणि भावाला दिलेला शब्द पाळून वाचली नव्हती. मनोहरला वाटलं, वाचू दे. अमेरिकेतल्या मजुरीबद्दलचं भाषण, त्यात कसलं आलंय भय? उलट घराची शोभाच वाढेल.

प्रणिता वाचू लागली. तिची मराठी अडखळत चालायची. “तो म्हणतो, मी या सभागृहात चाळीस वर्षं उभा आहे. मला दरवेळी एकच विचारतात, पैसा कुठून आणणार? मतलब, आजारी माणसाला इलाज मिळावा म्हटलं की पैसा कुठून आणणार. कुणी असं नाही विचारत की ज्या आईचं बाळ औषधाविना गेलं, तिनं आता ते कुठून आणायचं.”

“च्च,” प्रणिताची आजी, मीराबाई म्हणाल्या. खुर्चीत बसायची त्यांना सवय नव्हती, त्या दाराशी पाटावर होत्या.

“पुढे म्हणतो, दहा वर्षांत आपण या सभागृहात आपले स्वतःचे पगार कितीदा वाढवले आणि आपल्या मागे फरशी पुसणाऱ्या बाईची मजुरी एकदाही नाही. मला सांगतात, ब्रॅनिगन, तू लोकांना फुकटची सवय लावतोस. मी म्हणतो, दार जर माझ्या आजोबांनी बंद केलं असेल, तर ते उघडल्याबद्दल मी कुणाकडून आभार नाही मागू शकत. ते दान नाही. ती… दुरुस्ती आहे.”

“वा!” वसंतरावांनी मांडीवर थाप मारली. “दुरुस्ती! काय बोललाय! सुनंदा, ऐकलंस? आपल्याकडे आहे का एक तरी असा?”

प्रणितानं पान उलटलं आणि तिचा आवाज बदलला. “माझ्या ऑफिसात एक मुलगा आहे. त्याचे आजोबा भारतात रेल्वेचे गार्ड…” ती थांबली. डोळे भरून आले तिचे. “आबा! हे तुमच्यावर आहे. त्यानं तुमची गोष्ट सांगितलीय, तिकडे, त्यांच्या संसदेत!”

मनोहरच्या हातातलं ताट टेबलावर आपटलं. “नंतर वाचू. चहा थंड होतोय. सुवर्णा, चहा…”

“चहा गेला चुलीत!” आबा उठून उभे राहिले. “इकडे आण. मी वाचतो.”

त्यांनी चष्मा लावला. गार्डाचं इंग्रजी, चाळीस वर्षं नियमपुस्तकं वाचून पक्कं झालेलं. एकेक वाक्य आधी मनात वाचायचे आणि मग मराठीत खणखणीत आवाजात सांगायचे, गाडी सोडताना सांगावं तसं.

“या गार्डाची एक लोखंडी पेटी होती. ती उचलून गाडीच्या शेवटच्या डब्यात ठेवणं हे हमालाचं काम. अकरा वर्षं एकाही हमालानं तिला हात लावला नाही. कारण हा माणूस ज्या जातीत जन्मला होता, तिच्या वस्तूला शिवलं तर आपण बाटतो, असं त्यांना शिकवलेलं होतं. अकरा वर्षं तो ती पेटी एकटा उचलत राहिला. आणि सभापती महोदय, मी मुद्दाम विचारून घेतलं, गाडी एकदाही उशिरा सुटली नाही.”

आबांनी मान वर केली. आता ‘वा’ येणार म्हणून ते थांबले होते. आलं नाही. वसंतरावांच्या हातात अर्धी कचोरी होती, ती ना तोंडाकडे जात होती ना बशीकडे. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तेवढाच काय तो आवाज.

“म्हणजे…” वसंतराव म्हणाले, “म्हणजे तुम्ही…”

“म्हणजे काय?” आबा गोंधळले. “आम्ही बौद्ध. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली मी, एकवीस वर्षांचा होतो.” आणि मग हळूहळू त्यांची मान मुलाकडे वळली. “मनोहर? यांना माहीत नाही?”

आबांची नजर खिडकीखाली गेली, कुंडीवर. तिथून आपल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे. मटकन खाली बसले. अकरा वर्षं हमालांनी हात लावला नाही तेव्हा हा माणूस हलला नव्हता. आज हलला.

सुनंदाताईंनी प्रणिताचा हात हातात धरलेला होता. सोडावा की धरून ठेवावा, काही सुचेना त्यांना. वाईट बाई नव्हती ती. मुलगी मनापासून आवडली होती. पण परवाच अमरावतीला मोठ्या जावेला फोनवर सांगून झालं होतं, आपल्यातलेच आहेत, चांगलं घर आहे. आता तिला काय सांगायचं? नणंदा काय म्हणतील? आणि या लोकांनी, इतके साधे दिसणारे हे लोक, आपल्याला इतके महिने… सुनंदाताईंना खरंच रडू येत होतं, आणि रडू आलं की त्यांना राग यायचा.

“ही फसवणूक आहे,” त्या म्हणाल्या. हात सुटला होता.

“फसवणूक?” इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सुवर्णा पुढे आली. नवऱ्याच्या गप्प राहण्यात तिची संमती होती, कुंडीही तिनंच ठेवली होती, पण हा शब्द तिला सोसवला नाही. “तुम्ही विचारलं होतं का, सुनंदाताई? विचारलं असतं तर यांनी खोटं सांगितलं नसतं. तुम्हीच आडनावावरून ठरवून मोकळ्या झालात!”

“सांगायला नको का पण स्वतःहून?”

“तुम्ही सांगितलंत का आम्हाला, तुम्ही कोण ते?”

“आम्हाला कशाला सांगायला लागतंय?” सुनंदाताई म्हणून गेल्या, आणि आपण काय म्हटलं ते त्यांचं त्यांनाच कळलं.

प्रणिताला एवढा वेळ काही कळतच नव्हतं. बाबा गप्प राहिले, ते त्यांचं नेहमीचंच. पण कौशिक? दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिनं त्याला तिसऱ्याच भेटीत सांगून टाकलं होतं. तो समोसा मोडत म्हणाला होता, ‘तो क्या हुआ?’ आणि दिवाळीनंतर म्हणाला होता, घरी बोललोय मी, सगळं ठीक आहे. मग आज काकूंना हे नवीन कसं?

सुनंदाताईंनाही तोच प्रश्न पडला असावा. “कौशिक, तुला माहीत होतं हे?”

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. कौशिकनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. प्रणिताकडे मात्र नाही.

“नाही,” तो म्हणाला.

बाबांचं गप्प राहणं प्रणितानं आयुष्यभर पाहिलं होतं, त्याची चीड यायची, पण त्याचं नवल नव्हतं. हे नवीन होतं.

“कौशिक,” ती शेवटी म्हणाली, “माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे, और फिर से बोल.”

त्याची मान खालीच. “प्रणिता, हे… आपण नंतर बोलू. प्लीज.”

“नंतर नाही.” तिची मराठी आता अडखळत नव्हती. “काकू, यानं मला सांगितलं होतं की घरी बोललोय. मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय याला. माझे बाबा गप्प राहिले, ते चुकले. पण ते खोटं नाही बोलले. तारीख ठरवू नका. मला नाही करायचं हे लग्न.”

सुनंदाताईंनी मुलाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आता वेगळाच धक्का होता. त्यांनी पर्स उचलली. कौशिक त्यांच्या आधीच दाराबाहेर होता.

वसंतराव शेवटी उठले. दारापर्यंत गेले, परत फिरले. त्यांचं ‘वा’ अजून खोलीत कुठेतरी लटकत होतं आणि ते त्यांनाही ऐकू येत असावं. “शेषरावजी,” ते म्हणाले, “मला… मला जरा विचार करायला वेळ द्या.”

“घ्या ना,” आबा म्हणाले. “तो सिनेटर चाळीस वर्षं थांबलाय. आम्हालाही सवय आहे.”

मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. फाटक बंद करायला कुणी गेलं नाही.

आता आबा भडकतील, असं सुवर्णाला वाटलं होतं. भडकले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू आवाजात बोलले. “पेटी कुठाय?”

“गच्चीवर,” मनोहर म्हणाला.

“रंगासाठी.”

“नाही.”

“लाज वाटली तुला माझी.”

“तुमची नाही, आबा!” मनोहर एकदम ओरडला. त्याचा आवाज इतका चढलेला या घरात कुणी ऐकला नव्हता. “तुम्हाला त्या पेटीचा अभिमान वाटतो. तुम्ही चौदा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताय, एकट्यानं उचलली, एकट्यानं उचलली. आज अमेरिकेतसुद्धा सांगून झालं. एकट्यानं? मला तिचं वजन आठवतं, आबा! अजून आठवतं!”

आबांनी भाषणाची पानं उलटी करून मांडीवर ठेवली.

“काय म्हणतायत बाबा?” प्रणितानं आजीकडे पाहिलं.

मीराबाई पाटावरून उठल्या नाहीत. “खरं बोलून रायला तो,” त्या म्हणाल्या. “तुह्या आबाले हर्निया झाला होता. डॉक्टर म्हणे उचलू नको. रजा मागितली तर साहेब देईना. मंग काय करता? सकाळची पॅसेंजर साडेसहाची. मनोहर आठ वर्षांचा होता. एका कडीले बाप, दुसऱ्या कडीले लेक. पाच वर्षं. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“आणि फलाटावर माझ्या वर्गातली पोरं असायची,” मनोहर म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. “बाजूच्या गावातून यायची शाळेला, त्याच गाडीनं. मी पेटी घेऊन आलो की नाक दाबून बाजूला व्हायची. मग दिवसभर माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरांच्या हातात ती कडी द्यायची नाही. कधीच नाही. म्हणून गप्प राहिलो. आणि बघा, आज तिचं लग्नच मोडलं.”

“बाबा, ते मी मोडलं,” प्रणिता म्हणाली.

आबा चष्मा काढून म्हणाले, “मला सांगवत नव्हतं रे. हमालांनी पेटी उचलली नाही, ते सांगायला काय लागतं? ती त्यांची लाज. पण मी माझ्या आठ वर्षांच्या पोराला तिथे उभं केलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून एकट्यानं म्हणत गेलो. म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं.”

मनोहर चकित होऊन बापाकडे बघत राहिला. आपण एकटेच लपवत होतो असं त्याला बेचाळीस वर्षं वाटत आलं होतं.

प्रणिता उठली, जिन्याकडे निघाली. “चला बाबा. पेटी खाली आणू.”

“राहू दे, जड आहे ती.”

“माहितीये. म्हणून तर दोघं.”

खाली आणताना दोनदा भिंतीला आपटली, रंगाचे पोपडे निघाले. आता रंगारी खरोखरच बोलवावा लागणार होता. सुवर्णानं कुंडी उचलून बाहेर नेली आणि जाता जाता आबांच्या खोलीचं दार सताड उघडलं. पेटी आपल्या जागी बसली. प्रणिताच्या तळहातावर कडीचा लाल वळ उठला होता. मनोहरनं तो पाहिला, तिचा हात हातात घेतला, आणि मग मात्र त्याला राहवलं नाही, तो रडला.

आबांनी भाषणाची पानं पेटीवर ठेवली. “प्रणिता, कागद घे. इंग्रजीत लिही, मी मराठीत सांगतो. सिनेटर ब्रॅनिगन यांस, सप्रेम नमस्कार. आपलं भाषण मिळालं. सगळं बरोबर आहे. एक चूक आहे, ती आपली नाही, माझी आहे. कृपया दुरुस्त करून घ्यावी.” त्यांनी दुसऱ्या कडीवर हात ठेवला. “पेटी मी एकट्यानं उचलली नाही. दुसऱ्या कडीला माझा मुलगा होता. वय वर्षे आठ. गाडी वेळेवर सुटली ती त्याच्यामुळे.”

प्रणितानं लिहून झाल्यावर विचारलं, “खाली सही तुमची ना, आबा?”

“माझी आणि…” आबा थांबले. मुलाकडे बघायचा त्यांना धीर होईना.

मनोहरनं डोळे पुसले आणि पेन मागितलं. “दे इकडे. पूर्ण नाव लिहितो.”